रेडियम कटिंग मशीन घ्यायचंय? आधी काम ठरवा, रेघ शिका, मग मशीन घ्या

गाडीच्या मडगार्डवरचं 'आईचा आशीर्वाद', ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं नाव, किराणा दुकानाच्या काचेवरची अक्षरं, रुखवतातली कागदी नक्षी. ही कामं पूर्वी हाताने, कटरने व्हायची. आता बहुतेक ठिकाणी मशीनवर होतात. बारावी झालेली मुलं, बचत गटातल्या महिला, झेरॉक्सचं दुकान चालवणारे, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : मशीन कोणतं घ्यावं?

हा प्रश्न खरं तर तिसरा आहे. पहिला प्रश्न, गावात कोणतं काम मिळणार? दुसरा, ते काम कॉम्प्युटरवर काढता येतं का? ही दोन उत्तरं नसताना कर्ज काढून घेतलेलं मशीन कोपऱ्यात कापड पांघरून बसतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

मशीन नेमकं करतं काय?

या मशीनला कोणी रेडियम मशीन म्हणतं, कोणी प्लॉटर, कोणी विनाइल कटर. काम सोपं आहे. प्रिंटरमध्ये शाईचं हेड असतं, तिथे यात बारीक टोकाचं ब्लेड असतं. रोल मागेपुढे सरकतो, ब्लेड डावीउजवीकडे फिरतं आणि कॉम्प्युटरने दिलेल्या रेघेवरून कापत जातं. ब्लेड होल्डरमध्ये मोकळं फिरतं, म्हणून वळणावर ते आपोआप वळतं.

स्टिकरच्या कामात वरचं रेडियम कापायचं आणि खालचा कागद शाबूत ठेवायचा असतो. सगळी कसब इथेच आहे. कापून झालं की नको असलेलं रेडियम सोलून काढायचं. इंग्रजीत या कामाला 'वीडिंग' म्हणतात, म्हणजे खुरपणीच. तण उपटायचं आणि पीक ठेवायचं. खुरपणीत घाई केली तर पीकही उपटलं जातं, तसंच इथेही होतं.

नावाबद्दल एक गोष्ट. आपण रेडियम म्हणतो त्यात रेडियम नावाचा धातू नसतो. साधा रंगीत स्टिकर म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा आणि मागे डिंक. रात्री चमकतं ते परावर्तक रेडियम वेगळं. त्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा छोटे लोलक असतात आणि ते समोरच्या गाडीचा उजेड तिच्याकडेच परत फेकतात. साधा रोल रात्री चमकत नाही. गिऱ्हाईक 'रेडियम लाव' म्हणालं, तर कोणतं हवंय ते आधी विचारून घ्यावं.

पहिली पायरी : काम कोणतं मिळेल?

अनेकांच्या डोक्यात पहिलं काम नंबर प्लेटचं असतं. ते डोक्यातून काढून टाकावं. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या नव्या वाहनांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आधीच बसवून मिळते. महाराष्ट्रात त्याआधीच्या जुन्या वाहनांनाही ती सक्तीची केली आहे. ही प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असते, तिच्यावर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती अधिकृत ठिकाणीच बसते. रेडियमवाल्याने कापलेली प्लेट चालत नाही. ज्या दुकानदाराचं निम्मं काम नंबर प्लेटवर होतं, तो आता मशीन विकायला काढत असेल, तर त्याचं कारणही हेच असू शकतं.

'पोलीस', 'प्रेस' अशी स्टिकरं ओळखपत्र न बघता कापून देऊ नयेत. कंपन्यांचे लोगोही परवानगीशिवाय छापून विकता येत नाहीत.

मग उरतं काय? बरंच उरतं.

• बाईक, ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअपवरची नावं आणि पट्टे.
• दुकानाची काच, दवाखान्याची वेळ, अंगणवाडी आणि शाळेच्या भिंतीवरची अक्षरं.
• मंडळाचे, क्रिकेट टीमचे टी-शर्ट. यासाठी वेगळं, गरम करून चिकटवायचं विनाइल आणि हीट प्रेस लागतो.
• रुखवत, वाढदिवस, बारसं, केकवरची नावं, लग्नपत्रिकेची नक्षी. हे कागदाचं काम.
• गणपतीचं मखर. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात आली. त्यामुळे कार्डशीटच्या नक्षीला मागणी आहे.
• छापे, म्हणजे स्टेन्सिल. क्रेट, कॅन, मोटार, पाइप, पोती यांवर शेतकऱ्याचं नाव रंगाने मारायला लागतात. प्लास्टिकच्या क्रेटवर स्टिकर नीट धरत नाही, तिथे छापाच बरा.
• ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या.

शेवटच्या कामात जिवाचा प्रश्न आहे. गाळप हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते, तेव्हा बहुतेक वेळा ट्रॉली दिसलेलीच नसते. मालवाहू वाहनाची सर्वसाधारण रीत अशी : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल पट्टी. पट्टी प्रमाणित परावर्तक टेपचीच हवी. साध्या लाल रेडियमची पट्टी दिवसा झकास दिसते आणि रात्री काळी पडते. स्वस्तात काम उरकण्यासाठी असली पट्टी कोणी मागितली तरी लावू नये.

वहीच्या एका पानावर आपल्या गावात आणि शेजारच्या चार गावांत यातलं कोणतं काम महिन्याला किती निघेल ते लिहावं. तालुक्याच्या गावी किती जण हेच काम करतात तेही लिहावं. मशीन या पानावरून ठरतं.

कोणतं मशीन कोणासाठी?

ढोबळमानाने दोन जाती आहेत.

*एक, टेबलावरचं क्राफ्ट मशीन.* साधारण १२ इंच रुंदीचं. क्रिकट, सिल्हूट कॅमिओ, ब्रदरचं स्कॅन-एन-कट ही यातली माहितीतली नावं. कागद किंवा कापड एका चिकट मॅटवर लावून आत सरकवतात. कार्डशीट, पत्रिका, टी-शर्टची नावं, लहान स्टिकर यांना हे छान. आवाज कमी, जागा कमी, घरातल्या घरात चालतं. बरीचशी मॉडेल ब्लूटूथने मोबाइललाही जोडता येतात. स्कॅन-एन-कटमध्ये स्कॅनर असतो, त्यामुळे कागदावर हाताने काढलेलं चित्र कॉम्प्युटरशिवायही कापता येतं.

*दोन, स्टँडवरचा प्लॉटर.* यात २४ इंची म्हणजे २ फुटी रोल बसतो. रेडियमच्या दुकानात असतो तो हाच. मोठी अक्षरं, लांब पट्टे, दिवसभराचं काम यासाठी हा. याला जवळपास नेहमी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप लागतो, तो खर्च हिशेबात धरायला विसरू नये. काही प्लॉटरना कॅमेरा किंवा सेन्सर असतो. त्यामुळे छापलेल्या रंगीत स्टिकरभोवती बरोबर कापता येतं. छपाईची सोय जवळ नसेल तर या सोयीसाठी जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

थोडक्यात, गाड्या आणि दुकानांचं काम असेल तर प्लॉटर. रुखवत, मखर, टी-शर्ट, वाढदिवस असं काम असेल तर क्राफ्ट मशीन. बचत गटाला घरबसल्या सुरुवात करायची असेल तर दुसरं सोयीचं पडतं.

सॉफ्टवेअरकडेही बघावं. क्रिकट हे त्या कंपनीच्याच 'डिझाइन स्पेस'वर चालतं. खातं काढावं लागतं आणि बऱ्याच कामांना इंटरनेट लागतं. मार्च २०२१ मध्ये या कंपनीने फुकट वापरणाऱ्यांना महिन्याला २० डिझाइनच चढवता येतील असं जाहीर केलं होतं. ग्राहक खवळले आणि निर्णय मागे घ्यावा लागला. मशीन आपलं असलं तरी किल्ली कंपनीच्या हातात राहू शकते, हे त्यातून दिसलं. सिल्हूटचं मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं, पण एसव्हीजी प्रकारची फाइल उघडायला पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. जिथे रेंज झाडाखाली गेल्यावर मिळते, तिथे या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

हे मशीन काय कापत नाही?

अ‍ॅक्रिलिक, एमडीएफ, लाकूड, जाड सनबोर्ड, थर्माकोल हे या बारीक ब्लेडचं काम नव्हे. त्यासाठी लेझर, सीएनसी किंवा गरम तारेचं मशीन लागतं. 'हे सगळं कापतं' असं कोणी सांगितलं तर समोर कापून दाखवायला सांगावं.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. लेझर मशीन असलेल्यांनी त्यावर रेडियम किंवा कोणतंही पीव्हीसी कापू नये. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो. तो फुप्फुसाला घातक असतो आणि मशीनच्या लोखंडालाही गंज चढवतो.

दुकानात बघायच्या गोष्टी

१. आपण नेलेलं मराठी नाव समोर कापून घ्यावं. दुकानदाराचं तयार इंग्रजी डिझाइन कापलेलं पाहून ठरवू नये.
२. २ मीटर लांब सरळ पट्टा कापायला सांगावा. शेवटी रोल तिरका गेला तर रोलर बरोबर नाहीत.
३. ब्लेड, होल्डर, खालची पांढरी कटिंग पट्टी सुटी मिळते का, किती दिवसांत मिळते, ते विचारावं.
४. दुरुस्तीला माणूस येतो की मशीन पाठवावं लागतं?
५. सोबत दिलेलं सॉफ्टवेअर परवान्याचं आहे की चोरीचं? चोरीच्या कॉपीसोबत व्हायरस येतो आणि एक दिवस सगळं बंद पडतं.
६. जीएसटीचं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड. जुनं मशीन घेतानाही लिहून घ्यावं.

दुसरी पायरी : रेघ शिका. याला मशीन लागत नाही

मशीनला चित्र कळत नाही, रेघ कळते. मोबाइलवरचा फोटो म्हणजे लाखो ठिपके. कापायला लागते ती रेघेची फाइल, म्हणजे व्हेक्टर. फोटोवरून रेघ काढणं, तिची वेडीवाकडी टोकं सरळ करणं, नको त्या रेघा पुसणं, धंद्याचं निम्मं कौशल्य यात आहे.

यासाठी 'इंकस्केप' नावाचं सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे आणि कायदेशीर आहे. साध्या लॅपटॉपवर चालतं. मशीन घेण्याआधी महिनाभर रोज तासभर यावर घालवावा. क्रम असा ठेवावा :

• पहिला आठवडा : चौकोन, गोल, नाव लिहिणं, मापात बसवणं. मशीनला मिलिमीटर कळतात, 'जरा मोठं' कळत नाही.
• दुसरा आठवडा : 'ट्रेस बिटमॅप' वापरून फोटोवरून रेघ काढणं. सुरुवात काळ्या-पांढऱ्या चित्राने करावी.
• तिसरा आठवडा : मराठी नावं, जोडाक्षरं, रेघा जोडणं.
• चौथा आठवडा : ओळखीच्या पाच जणांची नावं मागून घेऊन पूर्ण डिझाइन करणं आणि जवळच्या रेडियम दुकानात पैसे देऊन ती कापून घेणं.

चौथ्या आठवड्यात खरं काय ते कळतं. आपलं डिझाइन दुसऱ्याच्या मशीनवर नीट कापलं गेलं, तर मशीन घ्यायला हरकत नाही. नाही गेलं, तर थोडक्यात निभावलं.

गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं तेव्हा तो दाबला जाऊन धूसर होतो. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगावं.

मराठी अक्षरांची खास अडचण

इंग्रजी शिकवणीचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यात ही गोष्ट सापडत नाही. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, मराठी अक्षरं शिरोरेघेने जोडलेली. कॉम्प्युटरवर मात्र प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. डोळ्यांना एकच रेघ दिसते, मशीनला दोन. मशीन दोन्ही कापतं. मग सोलताना 'महाराष्ट्र'चे तुकडे तुकडे हातात येतात.

उपाय सोपा आहे. आधी अक्षरांचं रूपांतर रेघेत करायचं. इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ', कोरलड्रॉमध्ये 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज'. मग अनग्रुप करून सगळी अक्षरं निवडायची आणि एकत्र जोडायची. इंकस्केपमध्ये याला 'युनियन', कोरलमध्ये आणि सिल्हूटमध्ये 'वेल्ड' म्हणतात. त्यानंतर फक्त बाहेरची रेघ दिसेल असं करून बघायचं. अक्षराच्या पोटातून एकही आडवी-उभी रेघ जात नसेल तरच मशीनला पाठवायचं.

आणखी तीन गोष्टी. पहिली, अनुस्वार आणि रफार. अनुस्वाराचा ठिपका एकटा असतो, सोलताना उडतो. 'शिंदे'चं 'शिदे' झालं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. लहान अक्षरात ठिपका थोडा मोठा करावा. दुसरी, छापा. छाप्यात 'व', 'ब', 'म' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून तिथे बारीक पूल ठेवावा लागतो. तिसरी, फाँट. जुन्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोड फाँट वापरावेत. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फाँट मोफत आहेत आणि धंद्यालाही वापरता येतात. जाड फाँट कापायला आणि सोलायला सोपा.

तिसरी पायरी : मशीनवरचे पहिले दिवस

ब्लेड ४५ अंशाचं घ्यावं, साध्या रेडियमला ते पुरतं. जाड माल आणि बारीक नक्षीला ६० अंशाचं.

ब्लेड किती बाहेर काढायचं? होल्डर हातात धरून टाकाऊ रेडियमवर रेघ ओढावी. रेडियम कापलं जावं आणि खालच्या कागदावर फक्त पुसट ओरखडा दिसावा. कागद फाटला तर ब्लेड जास्त बाहेर आहे.

मग दाब. कमीपासून सुरुवात करून एकेक पायरी वाढवत छोटा चौकोन कापून बघावा. चौकोन सहज सुटून आला आणि कागद शाबूत राहिला की तो दाब वहीत लिहावा. प्रत्येक रोलचा दाब वेगळा असतो. पहिला महिना वेग कमीच ठेवावा.

टी-शर्टचं विनाइल कापताना डिझाइन आरशात दिसतं तसं उलटं करावं लागतं. दाबताना साधारण १५० अंश सेल्सिअस आणि १० ते १५ सेकंद लागतात. नेमका आकडा रोलवर लिहिलेला असतो, तोच पाळावा.

नेहमीचे बिघाड आणि त्यांची कारणं :

• कोपरे गोल येतात, सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत : ब्लेडचा ऑफसेट चुकलाय. सहसा ०.२५ मिलिमीटरच्या आसपास ठेवून तपासावा.
• रेडियम फाटतं, ओढलं जातं : ब्लेड बोथट झालंय किंवा होल्डरमध्ये कचरा अडकलाय.
• रेघ तुटक कापते : खालची कटिंग पट्टी झिजलीय.
• रोल तिरका जातो : दाबाचे रोलर खरखरीत चाकावर नीट बसलेले नाहीत किंवा रोल वाकडा लावलाय.
• मध्येच कॉम्प्युटर आणि मशीनचा संपर्क तुटतो : रोल सरकताना स्थिर वीज तयार होते. अर्थिंग नीट करावं.

मशीन वीज फार खात नाही. पण काम चालू असताना लाइट गेली तर मशीन जागा विसरतं आणि तो तुकडा वाया जातो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच. रोल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नयेत, उन्हाळ्यात डिंक खराब होतो. मशीनवर धूळ बसू देऊ नये. वापरलेली ब्लेडं डबीत जमा करावीत, ती पोरांच्या पायाखाली येता कामा नयेत.

स्टिकर लावताना पृष्ठभाग धुऊन, तेल काढून, कोरडा करावा. तापलेल्या टाकीवर भर उन्हात लावू नये. सावलीत गाडी गार होऊ द्यावी. मोठा स्टिकर असेल तर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारावा, म्हणजे सरकवता येतो. मग मधून कडेकडे पाणी दाबून काढावं.

हिशेब आणि कर्ज

२ फुटी रोलचा १ फूट लांब तुकडा म्हणजे २ चौरस फूट. ५० मीटरचा रोल म्हणजे सुमारे ३२८ चौरस फूट. रोलच्या किमतीला ३२८ ने भागलं की चौरस फुटाची किंमत निघते. त्यात वाया जाणारा माल, चिकटवायची ट्रान्स्फर टेप, आणि सोलायला लागणारा वेळ धरावा. वेळेला किंमत न लावणारा माणूस दिवसभर राबतो आणि संध्याकाळी हातात काही नसतं.

समजा, महिन्याचा हप्ता २,५०० रुपये आहे आणि एका कामात सगळा खर्च जाऊन ५० रुपये सुटतात. म्हणजे महिन्यातली पहिली ५० कामं नुसत्या हप्त्याची. कमाई ५१ व्या कामापासून. वहीतल्या पानावर महिन्याला ५० कामं दिसत नसतील तर थांबावं. लग्नसराई, गणपती, नवरात्र, शिवजयंतीला काम तुंबतं, पण भर पावसात दुकान सुनं असतं. हप्ता मात्र बाराही महिने.

कर्ज घ्यायचंच असेल तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. अर्ज सुरू आहेत का ते बँकेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारावं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. जिल्ह्याच्या आरसेटी केंद्रात स्वयंरोजगाराची प्रशिक्षणं मोफत असतात, तिथेही चौकशी करावी. बचत गटांनी 'उमेद'च्या तालुका कक्षात बोलावं.

गटाने मशीन घेतलं तर कामं वाटून घेता येतात. एकीने कॉम्प्युटर सांभाळायचा, दोघींनी सोलायचं, एकीने गिऱ्हाईक आणि हिशेब बघायचा. सोलायचं काम चिकाटीचं आहे आणि त्याला शिक्षणाची अट नाही. मात्र कॉम्प्युटरचं काम किमान दोघींना यायला हवं. एकटीला येत असेल आणि तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, तर मशीन बंद पडतं.

सुरुवातीला लागतात एक वही, एक साधा लॅपटॉप आणि महिनाभराचा सराव. लॅपटॉप नसेल तर मित्राचा किंवा गावातल्या संगणक केंद्रातला तासावर चालतो. लग्नसराईत हप्त्याचं मशीन घ्यायचा बेत असेल, तर दिवाळीनंतर सरावाला बसलेलं बरं. तोवर वहीतलं पानही भरतं.